‘ळ’ची जागा

या स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची नामसूची आहे. ती करायचे काम समितीने माझ्याकडे दिले, कारण मी ‘कॉम्प्युटरवाली’. आडनावे टाकली, एक बटण दाबले, यादी अकारविल्हे लागली. मी ती ग्रुपवर पाठवली आणि आपल्या कामाला लागले. अर्ध्या तासात आपल्या संस्कृतच्या बाईंचा फोन आला. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज तोच.

“अगं, ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी कसे आले? वर्णमाला विसरलात की काय सगळे?”

मी सांगितले, “बाई, मी नाही लावली, कॉम्प्युटरने लावली.”

“मग त्याला शिकव,” असे म्हणून बाईंनी फोन ठेवला.

आपण शाळेत म्हणायचो ते आठवा: य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. ‘ळ’ ‘ह’च्या नंतर येतो. म्हणून मराठी कोशात ‘कासार’ आधी आणि ‘काळे’ नंतर. माझ्या यादीत उलटे झाले होते. चूक दुरुस्त करायला दोन मिनिटे लागली. पण ती का झाली हे शोधता शोधता मी आठवीच्या वर्गात, तिथून पाटणादेवीच्या जंगलात आणि धुळ्यात जाऊन आले. त्या फेरफटक्याची ही हकीकत.

आठवीत संस्कृतचा पहिला तास. आपल्याला वाटले होते, बाई ‘देवः देवौ देवाः’ सुरू करतील. त्यांनी फळ्यावर पाच ओळी लिहिल्या: क ख ग घ ङ, च छ ज झ ञ, ट ठ ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म. आपण हसलो. हे तर पहिलीतले! बाई म्हणाल्या, “तोंडाने म्हणू नका, तोंडाकडे लक्ष देऊन म्हणा.”

तुम्हीही आत्ता करून बघा. क, च, ट, त, प असे सावकाश म्हणा. ‘क’ला जिभेचा मागचा भाग कंठाजवळ टेकतो. ‘च’ला जीभ टाळूला लागते. ‘ट’ला जिभेचे टोक मागे वळून टाळूच्या उंच भागाला, म्हणजे मूर्ध्याला लागते. ‘त’ला ती दातांवर येते आणि ‘प’ला जिभेचे कामच नाही, ओठ मिटतात. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. घशापासून ओठांपर्यंत एक सरळ प्रवास.

आता एकच ओळ आडवी घ्या. तळहात तोंडासमोर धरून ‘क’ म्हणा, मग ‘ख’. ‘ख’ला हातावर वारा लागतो. तो महाप्राण. बोटे गळ्यावर ठेवून ‘क’ आणि मग ‘ग’ म्हणा. ‘ग’ला गळ्यात कंप जाणवतो. तो घोष. ‘घ’मध्ये कंपही आहे आणि वाराही. पाचवा ‘ङ’ नाकातून. उभी अक्षरे सांगतात ध्वनी कुठे होतो, आडवी सांगतात कसा होतो. इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी रकाने आणि ओळींचा तक्ता शिकवला तेव्हा मला हाच फळा आठवला होता.

या पंचवीस व्यंजनांना स्पर्श म्हणतात, कारण त्यांत जीभ किंवा ओठ पूर्ण टेकतात. नंतर य, र, ल, व ही अंतस्थे: धड स्वर नाहीत, धड स्पर्श नाहीत. मग श, ष, स ही ऊष्मे, ज्यांत वारा घासत जातो. शेवटी ह. एकूण 33. इंग्रजीत ए नंतर बी का येते याला तोंडात काही कारण नाही. आपल्या ‘क’नंतर ‘ख’ का, याचे उत्तर तुमच्याच तळहातावर आहे.

अनुस्वाराची गंमतही बाईंनी त्याच तासाला दाखवली. गंगा, चंचल, खंड, अंत, कंप हे पाच शब्द म्हणा. डोक्यावर टिंब एकच, पण उच्चार पाच वेगळे, कारण पुढे ज्या वर्गाचे अक्षर येते त्या वर्गाचे अनुनासिक नाक आपोआप काढते. न शिकवता आपण सगळे हा नियम पाळत होतो.

मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, “बाई, ‘ळ’ राहिला.”

“राहिला नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही जे संस्कृत शिकणार आहात त्यात ‘ळ’ नाहीच.”

वर्ग चकित झाला. मी मात्र मनातून सुखावले. त्याचे कारण पाचवीतले.

आमच्या घरी अहिराणी. आजी धुळ्याकडची. मी घरी आले की विचारायची, “आज शायमा काय शिकनी व माय?” शाळा नव्हे, शाय. डोळा नव्हे, डोया. आभाळ नव्हे, आभाय. आमच्या गल्लीत लेवा पाटीदारांची घरे होती, त्यांच्या बोलीतही ‘ळ’च्या जागी ‘य’च. पाचवीत मी आपल्या शाळेत आले आणि पहिल्याच आठवड्यात उभे राहून धडा वाचताना ‘काळा फळा’ हे ‘काया फया’ असे वाचले. वर्ग हसला. वर्षभर माझे नाव ‘काया’ पडले. हसणाऱ्यांतले अर्धे स्वतःच्या घरी ‘डोया’च म्हणत होते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. या ओळी वाचताना ते आता गालात हसत असतील. राग नाही, पण त्या वर्षी मी एक गोष्ट शिकले ती पुसायला फार वेळ लागला. घरचा शब्द बाहेर काढायचा नाही.

आठवीतल्या त्या तासानंतर मी बाईंना ही जुनी गोष्ट सांगितली. त्यांनी मला ‘ळ’ सावकाश म्हणायला लावले, मग ‘य’. “जीभ कुठे गेली?” ‘ळ’ला मूर्ध्याकडे वळलेली जीभ ‘य’ला वळायची थांबते आणि शेजारच्या टाळूजवळ येते. बाईंनी कागदावर तीन शब्द लिहिले: काल, काळा, काया. “संस्कृतात ‘काल’ म्हणजे काळा रंगही. मराठीने ‘ल’चा ‘ळ’ केला. तुझ्या आजीने ‘ळ’चा ‘य’ केला. परीक्षेत मात्र ‘काळा’च लिही.”

तेव्हा तो दिलासा वाटला. त्यात केवढा इतिहास होता ते आता कळते.

मराठीतला ‘ळ’ असाच आलेला आहे. फल चे फळ, कमल चे कमळ, कुल चे कूळ. कुठे ‘ड’चा झाला: गुड चा गूळ, षोडश चे सोळा. म्हणजे संस्कृतच्या मापाने मोजले तर पुस्तकातला ‘फळा’ही अपभ्रष्टच. पण त्याला कुणी हसत नाही. कारण तो छापला गेला.

गंमत अशी, की फार जुन्या संस्कृतात, ऋग्वेदात, ‘ळ’ आहे. दोन स्वरांच्या मध्ये आलेला ‘ड’ तिथे ‘ळ’ होतो. पहिल्याच सूक्ताच्या आरंभी ‘ईळे’ हा शब्द येतो, पुढच्या काळच्या संस्कृतात तोच ‘ईडे’. वेदपाठ बिघडू नये म्हणून प्रातिशाख्य नावाचे उच्चारशास्त्राचे ग्रंथ झाले आणि त्यांत हा ‘ळ’ नियमासह नोंदला आहे. जीभ कुठे, वारा किती, नाद कसा, याची आपण हाताने करून पाहिलेली सगळी वर्गवारी त्या अभ्यासातली. ती ऐकून केलेली आहे, पाहून नव्हे. पाणिनीने पुढे हीच अक्षरे व्याकरणाच्या सोयीने वेगळ्या क्रमाने लावली आणि सगळ्या स्वरांना ‘अच्’, सगळ्या व्यंजनांना ‘हल्’ अशी दोन अक्षरांत मावणारी नावे दिली. पाय मोडलेल्या अक्षराला आपण ‘हलन्त’ म्हणतो तो हाच ‘हल्’.

लिहिण्याचा भाग पुष्कळ नंतरचा. सहावीच्या सहलीत आपण अजिंठ्याला गेलो होतो. तेव्हा आपले लक्ष माकडांकडे होते. दहाव्या लेण्यातला जुना कोरीव लेख ब्राह्मी लिपीत आहे, पण भाषा प्राकृत. तो इसवी सनाच्या आधीचा. सोळाव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. तो संस्कृत श्लोकांत. देशभर हेच दिसते. अशोकाचे लेख इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातले आणि लोकांच्या प्राकृतात. संस्कृतातला पहिला मोठा शिलालेख जुनागढचा, रुद्रदामन राजाचा, साधारण इ.स. 150 चा. म्हणजे दगडावर आधी लोकभाषा आली, संस्कृत मागाहून. तोपर्यंत ती कानाने सांभाळलेली होती.

आपल्या जिल्ह्यातला सर्वांत मोलाचा संस्कृत लेख चाळीसगावजवळच्या पाटणचा. पाटणादेवीला आपण सगळे गेलो आहोत, नवस फेडायला नाहीतर पावसाळी सहलीला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. शके 1128 चा, म्हणजे इ.स. 1207 च्या सुमाराचा. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने इथे मठ काढला. चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू, आणि मठ काढला तो आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवण्यासाठी. इथले निकुंभ घराण्यातले सामंत सोईदेव यांनी मठाला दान दिले. भास्कराचार्यांचे गाव नेमके कोणते यावर विद्वानांचा वाद आहे. पण त्यांचे गणित शिकवायची शाळा आपल्या सातमाळ्याच्या कुशीत निघाली होती, हे दगडावर कोरलेले आहे.

मला त्या लेखाचा शेवट जास्त आवडतो. घराण्याची वंशावळ आणि स्तुती संस्कृत श्लोकांत आहे. पण मठाला रोज काय मिळायचे, बाजारातल्या मालावर किती, प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल, हा मजकूर आला की लेख तेव्हाच्या मराठीत उतरतो. कारण ते तेली आणि वाणी यांना कळायला हवे होते. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या लिहिणाऱ्याला एका दगडावर दोन भाषा ठेवताना संकोच वाटला नाही.

आणि त्या मठात मुले काय घोकत असतील? अक्षरेच. आर्यभटाने इ.स. 499 मध्ये ‘क’ ते ‘म’ या पंचवीस अक्षरांना 1 ते 25 अशा किमती देऊन मोठमोठ्या संख्या श्लोकांत बसवल्या होत्या. भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञात संख्येला अक्षरे आहेत. पहिली ‘या’, म्हणजे यावत्तावत्. दुसरी ‘का’, तिसरी ‘नी’, चौथी ‘पी’. ही रंगांची आद्याक्षरे: कालक, नीलक, पीतक. आपण ज्याला ‘वाय’ म्हणून सोडवायचो, तो त्यांचा ‘का’, म्हणजे काळा. आमच्या घरचा ‘काया’. हे वाचले त्या दिवशी मी ऑफिसात एकटीच हसले.

पाटणहून धुळ्याला या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले. 31 डिसेंबर 1926 रोजी ते तिथेच वारले आणि 1927 मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे म्हटले की मराठ्यांच्या इतिहासाची साधने आठवतात. पण भाषेचा नाद त्यांना तेवढाच होता. ‘ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण’ त्यांनी लिहिले आणि ‘संस्कृत भाषेचा उलगडा’ही. दुसऱ्या पुस्तकाचे नावच बघा. संस्कृत ही पाठ करायची वस्तू न धरता उलगडायची वस्तू धरली आहे. गावोगाव दप्तरांचे रुमाल सोडणारा हा माणूस शब्दाचेही दप्तर सोडून आत बघत होता.

त्याच धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये, 21 फेब्रुवारी ते 19 जून, विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. मूळ ग्रंथ संस्कृत, सांगणे सोप्या मराठीत, ऐकणारे कैदी. ती उतरवून घेतली आपल्या अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी. बोललेले कानांनी टिपून कागदावर आणायचे, हे काम खानदेशात असे झाले आहे.

ते आणखी एकदा झाले, आणि तिथे माझा ‘य’ मला परत मिळाला. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या गेल्या 1951 मध्ये. त्यांच्या ओव्या घरच्यांनी उतरवल्या होत्या. मुलगा सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. मनाला त्यांनी ‘वढाय’ म्हटले. वढाय म्हणजे ओढाळ. छापणाऱ्यांनी ‘ळ’ घालून तो शब्द ‘शुद्ध’ केला नाही, ‘य’ तसाच ठेवला. आज मुंबई-पुण्याची माणसे तो शब्द कौतुकाने उच्चारतात. ज्या उच्चाराला आपण पाचवीत हसलो, तोच उच्चार आपल्या मराठीच्या पुस्तकात होता, आणि आपण तो चालीवर म्हणत होतो. कुणाच्या ध्यानातच आले नाही!

‘ळ’चा ‘य’ होणे ही फक्त आपलीच खोड नाही. स्पॅनिश भाषेत जिथे दोन ‘एल’ लिहितात तिथे पूर्वी ‘ल’च्या जातीचा ध्वनी होता, आता बहुतेक ठिकाणी ‘य’सारखा उच्चार करतात. आणि शुद्धतेचेच म्हणाल तर ‘ऋ’चा मूळ उच्चार कुणापाशी उरला आहे? आपण ‘रु’ म्हणतो, हिंदीवाले ‘रि’. ‘ज्ञ’ म्हणजे ज् आणि ञ. आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीत ‘ग्य’. ‘श’ आणि ‘ष’ बोलण्यात वेगळे करणारे आता शोधावे लागतात. ‘चार’मधला ‘च’ संस्कृतच्या वहिवाटीतला, ‘चाक’मधला ‘च’ मराठीने दातांकडे ओढलेला. वर्णमालेचा तक्ता हे सगळे दाखवतो, जीभ इथून तिथे सरकली एवढेच सांगतो. कोण अडाणी हे त्यात कुठेच लिहिलेले नाही. ते आपण वर्गात बसून ठरवले.

ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या 1907 च्या खंडात खानदेशीला भिल्ल भाषांच्या सोबत स्थान आहे. ती मराठीची बोली की गुजरातीची बहीण की स्वतंत्र भाषा, हा वाद अजून चालू आहे. 2011 च्या जनगणनेत 18 लाखांहून अधिक लोकांनी आपली भाषा खानदेशी म्हणून लिहिली. मी तेव्हा पुण्यात होते. माझ्या घरी ‘मराठी’ लिहिले गेले.

याच्याही आधीची एक गोष्ट लिहायची राहिली आहे, ती लिहून टाकते. मी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर असताना आई भेटायला आली. मैत्रिणींसमोर ती म्हणाली, “डोया कितल्या सुजेल शेतस तुन्या, जागस का रातभर?” मी पटकन म्हणाले, “आई, नीट बोल ना.” आई गप्प झाली. तेव्हापासून माझ्या मैत्रिणी जवळ असल्या की आई फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढेच बोलते. तिला काळजी वाटते, पण ती काळजी करायची भाषा मी तिच्याकडून काढून घेतली. पाचवीत मला हसणारी मुले होती. आईला गप्प करणारी मी होते.

आता ‘काळे’ आणि ‘कासार’. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोडमध्ये ‘क’ 2325, ‘ल’ 2354, ‘ळ’ 2355, ‘व’ 2357, ‘स’ 2360, ‘ह’ 2361. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, म्हणून 1980 च्या दशकात आपल्या देशात सर्व लिप्यांना एकच सामाईक आराखडा बनवला गेला. त्याचे 1991 मध्ये भारतीय मानक झाले, आणि युनिकोडने देवनागरीसाठी हाच आराखडा पायाला घेतला. त्यात ‘ळ’ आपल्या भावाच्या, ‘ल’च्या, शेजारी बसला. सरकारी इनस्क्रिप्ट कीबोर्डवरही ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबली की ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘ल’वर ‘ळ’. त्या जुन्या पाठशाळांचा तक्ता आज कळीखाली आहे. मराठी कोशांची परंपरा मात्र ‘ळ’ला ‘ह’नंतर ठेवते, आणि भाषा ‘मराठी’ निवडली तर कॉम्प्युटरही ते पाळतो. मी भाषा निवडायचीच विसरले होते.

म्हणजे ‘ळ’ची जागा ऋग्वेदात एक, पाणिनीच्या संस्कृतात नाही, मराठी कोशात ‘ह’नंतर, युनिकोडमध्ये ‘ल’शेजारी, आणि आमच्या आजीच्या तोंडी ‘य’. पाचही ठिकाणी तो आपापल्या नियमाने बरोबर आहे.

दुरुस्त यादी मी बाईंना पाठवली. मग आईला फोन लावला. बाजूला मैत्रिणी नव्हत्या, पण माझी मुलगी होती, आणि फोन स्पीकरवर होता. मी म्हटले, “माय, डोया कशा शेतस तुन्या? ऑपरेशन बरं व्हयनं ना?” पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग आई बोलू लागली ती वीस मिनिटे थांबली नाही. मुलीला अर्धेच कळले. ती विचारत होती, “आई, कितल्या म्हणजे काय? शेतस म्हणजे?” मी एकेक सांगत होते.

आपण सगळे भेटणार आहोत त्या दिवशी व्यासपीठावर भाषणे मराठीत होतील, ती व्हायलाच हवीत. जेवायच्या पंगतीत मात्र माझ्याशी घरच्या बोलीत बोला. आणि मला ‘काया’ म्हणून हाक मारली तरी चालेल. भास्कराचार्यांचा अक्षर आहे तो.